बहिणीपुढे बोलायचं नसतं

तोआकासेबाई वर्गात शिरल्या की दाराशी दाणे टिपणाऱ्या कोंबड्यासुद्धा वाट सोडतात, असं आमच्या बेटावर म्हणतात. बाई अंगाने भरदार, आणि आवाज असा की रविवारी चर्चमध्ये सगळं गाव एका बाजूला आणि बाई एका बाजूला. पांगाई या मोठ्या बंदराहून बोटीने अर्ध्या दिवसावर असलेल्या आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांना त्या इतिहास, भूगोल, इंग्रजी शिकवतात आणि मुख्याध्यापकांची कंबर धरली की गणितही. नवरा लिसिआते न्यूझीलंडच्या बागांत सफरचंदं तोडायला जातो आणि नाताळात उगवतो. मुलगा ऑकलंडला गेला तो तिथलाच झाला. म्हणजे बाईंचं म्हणून जे काही उरलं आहे ते शाळेत आहे. वादळात शाळेचा पत्रा उडाला तेव्हा बाईंनी आपल्या घराचा पत्रा काढून तिथे ठोकायला लावला होता, आणि महिनाभर स्वयंपाक छत्री धरून केला.

आणखी एक गोष्ट बाईंची होती, ती लहानपणीच हातातून गेली. ती म्हणजे भाऊ.

पेनिसिमानी बाईंहून दोन वर्षांनी धाकटा. ही दोघं सकाळी डोळे उघडल्यापासून भांडायची. आज वारा कुठला, आलेली बोट कुणाची, देव रविवारी झोपतो की नाही, विषय कुठलाही चालायचा. बोलण्यात बाई तेव्हाही कुणाला हार जात नसत, पण पेनिसिमानी त्यांना गप्प करायचा. तो एकटाच करू शकायचा. मग त्याचा आवाज फुटायला लागला आणि रीतीप्रमाणे त्याची पथारी मुलग्यांच्या झोपडीत गेली. त्या दिवसापासून बहीण-भाऊ एका छपराखाली बसले नाहीत. आमच्यात बहीण वरची, मग वयाने मोठी असो की धाकटी. तिच्यापुढे भाऊ थट्टा करत नाही, मोठ्याने हसत नाही आणि तिला उलट उत्तर तर कधीच देत नाही. सख्खी, चुलत, मावस, आत्ते, मामे, सगळ्या बहिणीच. तिने मागितलं की द्यायचं, ती म्हणाली की ऐकायचं. बाहेरचे लोक म्हणतात, काय भाग्याच्या बायका. तोआकासेबाईंना विचारा. ज्याच्याशी बोलायला सगळ्यात गोडी, तो माणूस जन्मभर नुसता 'हो' म्हणत राहिला, आणि तेही बायकोच्या तोंडून.

पुढे पेनिसिमानीला गावाने गावप्रमुख म्हणून निवडून दिलं. तेव्हापासून फोनो तोच बोलावतो. फोनोला गावसभा म्हणायचं ते आपलं सवयीने. हाळी झाली की प्रत्येक घराने यायचं, कमरेला मानाची चटई गुंडाळून मांडी घालून बसायचं, वरून काय हुकूम आलाय ते गावप्रमुख सांगेल ते ऐकायचं आणि उठून घरी जायचं. प्रश्न विचारायची पद्धत नाही. भावाची पंचाईत नको म्हणून बाई आत जात नसत. सभागृहाच्या मागच्या खिडकीखाली सावलीत केवड्याच्या पातींची चटई विणत बसायच्या आणि ऐकायच्या. आतलं पटलं नाही की वीण चुकायची, आणि बाईंच्या चटयांत त्या काळात चुका फार असायच्या.

अशात राजधानीहून तो कार्यक्रम आला. तरुणांना राज्यकारभार कळावा, आपलं मत मांडता यावं आणि शिक्षकांना ते शिकवता यावं, असं काहीसं त्याचं लांबलचक नाव होतं. आधी शिक्षकांना पांगाईला बोलावलं. शिकवायला हेआमासी नावाचा तिशीतला तरुण होता. राजधानीत, नुकुअलोफात वाढलेला, चपळ, मनाने चांगला. त्याने शिक्षकांचे गट पाडले आणि म्हणाला, आपसात वाद घाला. बाईंच्या गटात एक वयस्कर मुख्याध्यापक होते. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. ते बोलले, मग सगळे म्हणाले, अगदी बरोबर. हेआमासीने भिंतीवरच्या कागदावर 'एकमत' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. बाईंना हसू आलं, पण 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांत त्याही होत्या.

तरीसुद्धा परतीच्या बोटीत बाई एखाद्या नवऱ्या मुलीसारख्या हसत बसल्या होत्या. पोरांनी उठून 'का?' विचारावं असं त्यांना कित्येक वर्षं वाटत होतं, आणि आता ते शिकवायला खुद्द सरकारने सांगितलं होतं.

पंधरवड्याने हेआमासी बेटावर आला तो पोरांनी वर्गात भरवायची लुटुपुटीची संसद बघायलाच. विषय राजधानीहून ठरून आला होता: मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणावं की नाही. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. कसं कोण जाणे, सरकार पक्षात आल्या बहुतेक मुली आणि विरोधी पक्षात सगळे मुलगे. सभापतीच्या खुर्चीत बाई स्वतः बसल्या. सरकारतर्फे लितिया उभी राहिली. तिच्या वडलांची आणि पेनिसिमानीची आजी एक. पोरगी तशी बुजरी, पण त्या दिवशी बोलली ती खणखणीत. मग विरोधी पक्षनेता उठला. तो पेनिसिमानीचाच मुलगा कालाफी, म्हणजे बाईंचा सख्खा भाचा आणि नात्याने लितियाचा भाऊ. खेळाच्या मैदानावर ज्याचं तोंड बंद करायला मास्तर लागतो, तो कालाफी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहिला.

"बोल," बाई म्हणाल्या.

"माझं काही नाही, बाई."

"विरोध करायचाय तुला."

"त्या म्हणतात तसंच असू दे."

त्याच्यामागचे सगळे मुलगे एकेक करून उठले आणि तेच म्हणाले. हेआमासीने टाळ्या वाजवल्या. मुलींना बक्षीस म्हणून टोप्या मिळाल्या, फोटो निघाले. "बघा बाई, संधी दिली तर मुली कुठल्या कुठे जातात," तो म्हणाला. बाईंनाही भरून आलं. त्या रात्री जेवताना त्या लिसिआतेला फोनवर म्हणाल्या, की आपल्या पोरींनी पोरांना पाणी पाजलं.

आता यात न कळण्यासारखं काय होतं? उभ्या गावाला कळलं होतं. खिडकीतून डोकावणाऱ्या म्हाताऱ्यांना कळलं होतं. पण बाईंनी शाळा म्हणजे एक वेगळं बेट धरलं होतं. बाहेरची रीत बाहेरच राहते असं त्या समजत. इतकी वर्षं राहिलीही होती, कारण वर्गात बोलायच्या त्या एकट्याच. मुलगे एका बाजूला, मुली एका बाजूला, आणि कुणी कुणाला उत्तर द्यायचा प्रसंगच नव्हता. प्रसंग बाईंनी आणला आणि जिंकल्या म्हणून टोप्याही वाटल्या. हुशार माणूस चुकतो तेव्हा असाच चुकतो, सगळ्यांच्या देखत.

दोन दिवसांनी लितिया टोपी परत करायला आली.

"मला नको ही."

"का गं? डोक्याला होत नाही?"

"मी जिंकले नाही, बाई. त्यांनी जिंकू दिलं."

"कालाफीला सुचलं नाही काही, त्याला तू काय करणार?"

"त्याला सुचतं. आदल्या दिवशी चेनशेटच्या दुकानापाशी तो पोरांना सगळं म्हणून दाखवत होता. मी मागच्या बाजूला तेल घ्यायला उभी होते. इतकं चांगलं बोलत होता की मला रात्रभर उत्तर सापडेना." मग ती खाली बघत म्हणाली, "शेवटी एक सापडलं. ते मला म्हणायचं होतं. त्याने बोलूच दिलं नाही मला."

बाईंनी टोपी घेऊन टेबलावर ठेवली. कालाफीला बोलावून विचारावं असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच लक्षात आलं की तो 'हो आत्या, चुकलं आत्या' यापलीकडे काही म्हणणार नाही. भाच्यासाठी आत्या म्हणजे बहिणीहून दहा पायऱ्या वर. सभापतीच्या खुर्चीत अर्ध्या वर्गाची आत्या बसवून बाई पोरांना म्हणत होत्या, मोकळेपणाने बोला. त्यांना स्वतःचाच राग आला आणि मग हसूही आलं.

त्या पोरीचं म्हणणं मात्र मनातून जाईना. 'त्याने बोलूच दिलं नाही मला.' अशी तक्रार आपल्याकडे कुणी केलेली बाईंनी ऐकली नव्हती. पण ती तक्रार त्यांना अनोळखी नव्हती.

वाट काढली ती पोरांनीच. हेआमासीने दिलेल्या नियमांत लिहिलं होतं की सदस्यांनी एकमेकांशी बोलू नये, जे सांगायचं ते सभापतींना सांगावं. लितियाने ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, "म्हणजे तो मला उत्तर देणारच नाही. तो सभापतीला सांगेल. मी फक्त तिथे असेन." मुलग्यांनी आपसात कुजबुज करून होकार दिला, अट एवढीच की मुलींकडे पाठ करून उभे राहू, आणि सभापती कुणाची बहीण, आत्या, काका, मामा लागता कामा नये. आता आमच्या बेटावर असा माणूस कुठून आणायचा? पाद्रीसाहेब दुसऱ्या बेटाचे, पण त्यांची बायको निघाली कुणाच्या तरी मावशीची नात. शेवटी उरला चेनशेट.

चेनशेट म्हणजे धक्क्याजवळचा चिनी दुकानदार. डब्यातले मासे, शेवया, टॉर्च आणि प्लास्टिकच्या बादल्या विकतो. बेटावर येऊन त्याला इतकी वर्षं झाली की शिव्या तो आमच्याच भाषेत देतो.

"मी? मला मतच नाही इथे," चेनशेट म्हणाला.

"म्हणून तर," कालाफी म्हणाला.

"आणि दुकान?"

"खुर्ची अशी ठेवू की दुकानाचं दार दिसेल."

तसंच केलं. मुख्याध्यापकांचा टाय बांधून चेनशेट बसला आणि चहाचा चमचा पेल्यावर वाजवून म्हणाला, "चला, बोला. पण लवकर." बाई बाहेर, आंब्याखाली बसल्या. मुलगे मुलींकडे पाठ करून उभे होते. कालाफी सुरुवातीला अडखळला, मग जो सुटला तो थांबेना. "सभापतीसाहेब, अठराव्या वर्षी आम्ही आईबापांना विचारून मत देणार. एकविसाव्या वर्षीही आईबापांना विचारूनच देणार. मग वय बदलून काय होणार? बदलायचेच तर आईबाप बदला." सगळे हसले. मुलींच्या बाजूने लितिया तावातावाने उठली आणि तिला रात्रभर जागून सापडलेलं ते उत्तर अखेर तिने दिलं: विचारून दिलं तरी पेटीत टाकताना आपण एकटे असतो, आणि एकटं असायची सवय जितकी लवकर लागेल तितकी बरी. त्यावर कालाफीने सभापतीला काहीतरी सुनावलं, त्यावर तिने. दुपार उलटली तरी थांबेनात. चेनशेट दोनदा दुकानात जाऊन आला. कोण जिंकलं ते कुणी विचारलं नाही, आणि लितिया घरी गेली ती उड्या मारत.

आंब्याखाली बसून बाईंनी सगळं ऐकलं. पोरांचं कौतुक वाटलं, आणि त्यांना त्या पोरीचा हेवा वाटला. एवढ्या मोठ्या बाईने तेरा वर्षांच्या पोरीचा हेवा करावा हे काही बरं नाही, पण वाटला खरा.

पुढची गोष्ट शाळेचीच. पांगाईहून निरोप आला की लहान बेटांवरच्या शाळांचे वरचे वर्ग बंद करायचा विचार आहे. खालचे वर्ग राहतील. सहावीनंतर मुलांनी पांगाईला यावं, वसतिगृहात राहावं. गावाची संमती असेल तर गावप्रमुखाने कळवावं. पेनिसिमानी संमती देणार आणि फोनोत तसं सांगणार, हे बाईंना भावजयीकडून कळलं.

भावजय मेलेआने म्हणजे गरीब गाय. भावाच्या घरात नणंदेचा शब्द शेवटचा, तेव्हा ती येते तीच वाकून. त्या दिवशीही ओसरीच्या खालच्या पायरीवर बसली.

"वर बस, मेले. पाठ दुखेल."

"असू दे, वन्सं. मी सांगितलं असं म्हणू नका त्यांना."

"मी त्याला कधी काय म्हणते? मी तुला म्हणते, तू त्याला म्हणतेस. तुमच्या संसारात अर्धं बोलणं माझंच आहे."

मेलेआने तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसली.

"मग त्यांना काय सांगू? 'वन्सं नको म्हणतात' एवढं म्हटलं तरी ते संमती देणार नाहीत."

हे खरं होतं आणि बाईंना ते चांगलं माहीत होतं. एक शब्द टाकला की शाळा वाचत होती. पेनिसिमानीला पटलं नसतं तरी त्याने मान तुकवली असती, गावाने त्याला दोष दिला नसता, उलट चांगला भाऊ म्हटलं असतं. शाळेसाठी घराचा पत्रा काढणाऱ्या बाईने हा शब्द टाकायला किती वेळ लावावा? बाई संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिल्या. डोळ्यांपुढे ते मुलगे येत होते, अंगठ्याने जमीन उकरणारे. 'त्या म्हणतात तसंच असू दे.' पोरांना एक शिकवायचं आणि आपण मात्र भावाच्या तोंडात तेच वाक्य कोंबायचं, हे त्यांना जमेना. शाळेवर त्यांचा जीव होता, म्हणूनच जमेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेलेआनेला बोलावलं. "त्याला सांग, मी फोनोला येणार. आत येणार. मला जे वाटतं ते बोलणार. आणि त्याला जे वाटतं ते त्याने मला सांगायचं."

मेलेआनेचा चेहरा उतरला. "वन्सं, ते उठून जातील हो."

"मी चेनशेटला सांगेन. त्याने चेनशेटला सांगावं. पोरांना जमतं ते आपल्याला जमायला काय झालं?"

संध्याकाळी उत्तर आलं. पेनिसिमानी म्हणाला होता, बहिणीने येऊ नये. ती आली तर मला गप्प बसावं लागेल. बाईंनी उलट निरोप दिला: गप्प बसलास तर मी शाळा सोडेन. धमकीच ती. पण भावाला मोकळं करायला धमकी द्यावी लागली, त्याला बाई तरी काय करणार?

फोनोच्या दिवशी सभागृह भरलं होतं. बाई कमरेला चटई बांधून आत आल्या आणि बायकांच्या मागे, दाराजवळ बसल्या. कुजबुज थांबली. समोर उभा असलेला पेनिसिमानी एकदम वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मधल्या बाजूला, एका पालथ्या खोक्यावर चेनशेट बसला होता. प्रत्येक घराने यायचं असतं म्हणून तोही येतो, किल्ल्या हातात घेऊन. आज त्याला घाम फुटला होता.

"सभापतीसाहेब," बाई उभ्या राहून म्हणाल्या. मागे पोरं फिसकन हसली. "वरचे वर्ग गेले तर बारा-तेरा वर्षांची पोरं पांगाईला जाणार. वसतिगृहात जागा नसली की नातेवाइकांकडे राहणार, आणि नातेवाइकांकडे राहणं म्हणजे त्यांची भांडी घासणं, हे आपल्याला माहीत आहे. पोरं गेली की आया त्यांच्या मागे जातील. आया गेल्या की बाप. मग गावप्रमुख फोनो कुणाला सांगणार? खेकड्यांना? शाळा इथेच राहिली पाहिजे. माझं एवढंच म्हणणं आहे."

बाई बसल्या. पेनिसिमानी हलला नाही. एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. चेनशेटने इकडेतिकडे पाहिलं, चमचा नव्हता म्हणून किल्ल्या वाजवल्या आणि म्हणाला, "दुसऱ्या बाजूने?"

मग भिंतीकडूनच आवाज आला, जाड आणि अडखळता.

"सभापतीसाहेब, माझ्या बहिणीचं म्हणणं मला पटत नाही."

कुणीतरी 'आई गं' म्हणालं. बाईंनी डोळे मिटले. हा आवाज त्यांना माहीत होता, पण त्यातला हा सूर त्यांनी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"आपल्या शाळेतून पोरं पुढच्या परीक्षेला जातात आणि विज्ञानात नापास होऊन येतात," पेनिसिमानी म्हणाला, "कारण विज्ञान शिकवायला कुणी नाही. बाई जीव तोडून शिकवतात, पण बाई एकट्या आहेत. त्या सगळं शिकवू शकत नाहीत. आपण म्हणतो पोरं गेली तर बेट ओस पडेल. म्हणजे बेट उभं राहावं म्हणून पोरांचे खांब करायचे? खांब तिथेच उभा राहतो, सभापतीसाहेब. तो कुठे जात नाही. माझ्या पोराने कुठेतरी जावं असं मला वाटतं."

बाई उठल्या. "मग विज्ञानाचा मास्तर मागा, सभापतीसाहेब."

"तीनदा मागितला."

"चौथ्यांदा मागा."

"सभापतीसाहेब, त्यांना सांगा, मास्तर येईपर्यंत आमचा कालाफी आजोबा होईल."

सभागृहात हशा पिकला, आणि लगेच दबला, कारण बहिणीपुढे थट्टा झाली होती. पण बाईही हसत होत्या. हसता हसताच त्यांनी दुसरा मुद्दा काढला, त्याने तो खोडला. तिसरा काढला, त्याने अर्धा मान्य केला. चेनशेट बिचारा टेनिस बघितल्यासारखा मान फिरवत होता. पेनिसिमानीची पाठ घामाने भिजली होती, पण आवाज मोकळा झाला होता. शेवटी तो म्हणाला, "माझं सांगून झालं. बाईंचंही झालं. आता मी एकट्याने नाही ठरवणार. हात वर करा."

हात वर करायची आमच्याकडे पद्धत नव्हती. लोक एकमेकांकडे बघू लागले. वर्ग ठेवावेत म्हणून थोडे हात वर गेले, बहुतेक म्हाताऱ्यांचे. बंद करावेत म्हणून पुष्कळ गेले. त्यांत आयांचे हात होते. बाईंनी ज्यांना शिकवलं, ज्यांच्या पोरांना शिकवलं, त्या बायका बाईंकडे न बघता हात वर करून बसल्या होत्या. लितियाच्या आईनेही केला. शाळेचे वरचे वर्ग वर्ष संपताच बंद होणार हे ठरलं. बाई चटई सावरून उठल्या आणि सरळ घरी आल्या.

घरी येऊन त्या रडल्या. कुणी मेलं की आमच्या बायका रडतात तशा, आवाज काढून. शेजारणींनी ऐकलं आणि गावभर झालं की भावाने बहिणीचा अपमान केला आणि बहीण रडते आहे. पेनिसिमानीपर्यंत ते पोचलं असणारच.

शनिवारी दुपारी मेलेआने दारात आली. मागे दोघे जण भाजलेलं अख्खं डुक्कर घेऊन उभे होते, वर कोनफळांची टोपली आणि घडी घातलेली बारीक विणीची चटई. रस्त्यावर माणसं थांबली होती.

"वन्सं, त्यांनी पाठवलंय," मेलेआने जमिनीवर बसत म्हणाली. "माफी मागायला सांगितलंय. म्हणाले, पुन्हा असं कधी बोलणार नाही."

बाई डुकराकडे बघत राहिल्या. कातडी सुरेख तांबूस भाजली होती. भावाने स्वतः भट्टीपाशी बसून भाजलं असणार. हे घेतलं की सगळं मिटत होतं. गावाची कुजबुज मिटत होती, भावाचा जीव भांड्यात पडत होता. आणि त्याने दिलेलं उत्तर गुन्हा ठरत होतं. गुन्हा एकदा माफ झाला की पुन्हा करायचा नसतो.

"परत ने," बाई म्हणाल्या.

मेलेआने पांढरीफटक पडली. "असं करू नका हो, वन्सं. परत नेलं तर गाव म्हणेल बहिणीने भावाला तोडलं."

"म्हणू दे. काय म्हणायचं ते समोर येऊन म्हणू दे, मी उत्तर देईन." बाई खाली बसल्या, अगदी मेलेआनेच्या शेजारी, जमिनीवर. "हे बघ मेले, मी रडले ती शाळेसाठी. त्याच्यासाठी नाही. त्याला सांग, त्याने माझं काही वाईट केलेलं नाही. माझ्याशी कुणीतरी भांडावं असं मला वाटत होतं, आणि तो भांडला. माफी कसली मागतो? आणि सांग की मास्तरासाठी चौथा अर्ज मी लिहितेय. त्यावर गावप्रमुखाची सही लागेल. द्यायची असेल तर द्यावी. द्यायची नसेल तर नाही म्हणावं. डुक्कर पाठवू नये."

डुक्कर आल्या वाटेने परत गेलं. आमच्या बेटावर असं दृश्य कुणी पाहिलं नव्हतं, आणि लोकांनी ते दार-खिडक्यांतून पोटभर पाहून घेतलं. बाई ओसरीवर बसून राहिल्या. आता भाऊ काय करेल? दुखावून कायमचा गप्प झाला तर शाळा गेली ती गेलीच, आणि आता हे बोलणंही जाणार. त्यांना भीती वाटली. वर्गात कधी वाटली नव्हती इतकी भीती वाटली.

ऊन उतरताना मेलेआने परत आली. हात रिकामे होते आणि तिला धाप लागली होती.

"काय म्हणाला?"

"आधी डुकराकडे बघत बसले. मग म्हणाले..." ती थांबली.

"बोल ना."

"म्हणाले, सही करणार नाही. गावाने हात वर करून ठरवलंय. एकटी बहीण म्हणते म्हणून मी ते मोडणार नाही."

बाईंनी तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मेलेआनेला कळेना की आता काय करावं, कारण वन्सं रडत होत्या आणि त्याच वेळी गालातल्या गालात हसत होत्या. मग त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले आणि उभ्या राहिल्या, वर्गात राहतात तशा.

"त्याला सांग, पोरांना हात वर करू दिला नाही. शाळा त्यांची, आणि त्यांनाच कुणी विचारलं नाही. याला त्याचं काय उत्तर आहे, ते विचारून ये."

"आत्ता? वन्सं, माझे पाय गेले हो."

"आत्ता. दिवस आहे अजून."

मेलेआने कपाळाला हात लावून उठली आणि पुन्हा वाटेला लागली.